हरकतकाकांच्या आरशातला माणूस

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," डोक्याला टॉवेल गुंडाळून जेवणाच्या टेबलाशी बसलेले हरकतकाका म्हणाले, "आणि बसलाच, तर मला तुमचा संशय येईल."

तुमच्यापैकी म्हणजे दोनच माणसं. एक काकू, स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन उभ्या. दुसरा काकूंचा धाकटा भाऊ, टेबलाच्या पलीकडे ताटावर हात ठेवून बसलेला. या मेहुण्याचा जन्म विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेला होता. जळालेलं दुकान नुसतं हुंगून आग लागली की लावली हे तो सांगतो, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्यानंच पसरवली होती.

बाहेर कडक ऊन होतं. आभाळात कितीतरी दिवसांत ढगाचं नखसुद्धा दिसलं नव्हतं. आणि अशा दुपारी काका सायकलवरून घरी परतले होते ते केसांतून पाणी निथळत, कॉलरमध्ये शेवाळ घेऊन.

"पडलात?" दार उघडताच काकूंनी विचारलं होतं.

"मी?" काकांनी हे असं काही म्हटलं, की जणू या घरात पडण्याजोगी आणखी पुष्कळ माणसं राहत होती.

प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता बरं का. सायकल घरात आली त्याच दिवशी काकूंनी अट घातली होती. "खुशाल फिरा. पण एकदा, फक्त एकदा पडलात, की सायकल माझ्या भावाकडे जाईल. खालचे वकील स्टुलावरून पडले ते अजून पलंगावर आहेत, आणि त्यांची बायको त्यांच्या उशा सरळ करता करता वाकडी झालीय. मला तसलं काही करायचं नाहीये." मेहुण्यानं तेव्हापासून सायकलीवर डोळा ठेवला होता. जेवायला आला की जाताना सीटची उंची स्वतःच्या मापानं बघून जायचा. आजही तो आयताच हजर होता, आणि काकांच्या मते हा योगायोग अजिबात नव्हता.

काकांना कशातच योगायोग दिसत नसे. सरकारी हिशेबतपासनीस म्हणून त्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या कागदांवर हरकती घेण्यात घालवली होती. ज्यात चूक आहे त्या कागदावर ते एक हरकत घेत. ज्यात चूक सापडत नाही त्यावर दोन, कारण इतका बिनचूक कागद मुळात तयारच कसा झाला? घरीसुद्धा तेच. भाजी चांगली झाली की ते घास तोंडात धरून विचारायचे, "आज काय विशेष?" काकूंनी या प्रश्नाचं उत्तर देणं केव्हाच सोडून दिलं होतं.

नोकरीत असेपर्यंत काकांना न्यायला कचेरीची गाडी यायची. गाडीत ते कागद वाचायचे. त्यामुळे इतकी वर्षं राजधानीत राहूनही राजधानी म्हणजे त्यांना ड्रायव्हरची मान तेवढी माहीत होती. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. चालणं काकांना नामंजूर होतं, कारण चालताना ओळखीचे लोक गाठून बोलतात. म्हणून सायकल.

सायकल आली आणि इमारतीतल्या प्रत्येकाला अचानक आपण सायकलीतले जाणकार असल्याचा साक्षात्कार झाला. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "पडायचंच झालं तर डाव्या अंगावर पडा. उजवीकडची दाढ मी नुकतीच भरलीय, नवी आहे." वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी काकांना जिन्याच्या वळणावर उभं करून वळण्याचा इशारा शिकवला. हात खांद्याच्या रेषेत, कोपर ताठ, बोटं जुळलेली, नजर समोर. "नीट! तुम्ही वाट दाखवताय, माशी हाकत नाही आहात!" काकांनी हा हात इतका मनावर घेतला, की घरात न्हाणीघराकडे वळतानाही तो नकळत बाहेर यायचा.

आणि समोरच्या दारातला तो शेजारी. हा नेमका काय करतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण काय करावं हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. तो म्हणाला, "काका, समोरून येणारं संकट आंधळ्यालाही दिसतं हो. माणसाचा घात होतो तो पाठीमागून. आरसा बसवा." हे वाक्य काकांच्या काळजाला जाऊन भिडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या विचारांचा माणूस भेटला होता. त्यांनी हँडलला चांगला तळहाताएवढा गोल आरसा लावून घेतला.

मग सोसायटीची हरकत आली. जिन्याखाली फक्त वाहन ठेवता येतं, आणि वाहन म्हणजे ज्याला नंबरपाटी आहे ते. सायकलला पाटी नाही, सबब ते वाहन नव्हे. मग काय? चेअरमन म्हणाले, "फर्निचर. आणि जिन्याखाली फर्निचर ठेवायला मनाई आहे." दुसरा कुणी असता तर भांडला असता. काकांनी मात्र चेअरमनकडे आदरानं पाहिलं. इतकी सुरेख हरकत त्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ऐकली होती. शेवटी तोडगा असा निघाला, की सायकल ही पाहुणी समजावी. पाहुण्यांना मुक्कामाची बंदी नव्हती. तेव्हापासून पहारेकरी रोज संध्याकाळी सायकलीला विचारायचा, "किती दिवस आहात?"

असो. तर काका बाहेर पडले. आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना आरशात तो माणूस दिसला.

तपकिरी हॅट. काळा चष्मा. हँडलला अडकवलेली काळी ब्रीफकेस. काका डावीकडे वळले की तो डावीकडे. काका थांबले की तो थांबून बुटाची नाडी बांधायचा. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच, आणि त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्याच, हे काकांच्या तपासनीस डोळ्यांनी टिपलं.

आता काकांचे शत्रू काय थोडे होते? त्यांनी अडवलेल्या बिलांमुळे एका पुलाचं काम मधेच थांबलं होतं आणि तो पूल अजूनही नदीच्या मध्यावर विचार करत उभा होता. त्या कंत्राटदाराचा हा माणूस असणार. ब्रीफकेसमध्ये काय असेल याची काकांनी कल्पना केली, आणि ती त्यांना इतकी पटली की ते तडक पोलीस चौकीत गेले.

"पाठलाग करणाऱ्याचं नाव?" हवालदारानं विचारलं.

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"मग तक्रार कोणाविरुद्ध? हवेविरुद्ध? त्याला घेऊन या."

"मी घेऊन येऊ? अहो, तो माझ्या मागे आहे!"

"मग सोपंच आहे की. तुम्ही इथे या, तो येईलच. पण एक सांगून ठेवतो. पाठलाग चालू असताना आणा. तो थांबला की पाठलाग संपला, आणि संपलेल्याची तक्रार आम्ही घेत नाही. आणि कारंज्याच्या चौकाच्या अलीकडूनच या. पलीकडची हद्द दुसऱ्या चौकीची."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून घेरी आली असती. काकांना मात्र ही मागणी मनापासून रास्त वाटली. माल हजर केल्याशिवाय त्यांनी स्वतः कधी बिल पास केलं होतं का? त्यांनी हवालदाराचा हात हातात घेऊन दाबला. हवालदारानं तो संशयानं सोडवून घेतला.

"म्हणजे आज सकाळी तुम्ही त्याला भुलवत चौकीकडे नेत होतात," मेहुण्यानं टेबलावर बोटानं रेघ ओढली. "ठीक. मग सरळ रस्त्यानं का नाही गेलात?"

"सरळ गेलो असतो तर त्याला संशय आला असता," काका म्हणाले. "संशयाबद्दल तुम्ही मला शिकवू नका, मेहुणेबुवा."

म्हणून काका आडवळणानं निघाले. मंत्रालयामागच्या ज्या गल्लीत गाडी कधीच शिरली नव्हती, त्या गल्लीत त्यांनी हात ताठ करून सायकल घातली. ती निघाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची गल्ली. दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं, भिंतींवर शेकडो घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. राज्यकारभाराच्या इतक्या जवळ ही परिस्थिती! काकांनी एका म्हाताऱ्या दुकानदाराला जाब विचारला, "यांतलं बरोबर कुठलं?" म्हातारा भिंग न काढता म्हणाला, "जे तुम्हाला सोयीचं असेल ते घ्या. घाईत आहात का?" काकांना जाणवलं, की आपण घाईत नाही. ही जाणीव त्यांना जरा संशयास्पद वाटली.

पुढे एक चढ. चढाच्या वरच्या टोकाला भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा वास असा काही दाटला होता, की सायकल वासाला रेलून उभी राहील. उतारावर एका गच्चीतून एका बाईनं दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. टोपलीत एकच पेअर. "घ्या हो, तुमच्या हात दाखवण्यानं फार बरं वाटतं. शिस्त राहिलीय कुठं आजकाल!" काकांनी पेअर उलटसुलट करून पाहिलं. हुंगलं. फुकट का देतेय? देठाशी भोक आहे का? मग खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला. इतकं गोड पेअर त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांची हरकत मागे घेण्याची तयारी होईना.

"ताई, पेअरचा मोसम नाहीये हा," मेहुणा म्हणाला.

"म्हणून तर मी त्याच्यावर संशय घेतला!" काका कडाडले.

पण खरी गंमत पुढेच होती. कालव्याच्या कडेकडेनं काका एका जुन्या भिंतीशी आले. भिंतीला एक लाकडी दार, दाराच्या फटीतून हिरवं काहीतरी. काकांनी आत डोकावलं. बाग होती. मधोमध तळं, तळ्याभोवती दगडी काठ, पाण्यावर झुकलेली झाडं. आणि पलीकडे, पहिल्या मजल्यावर, ओळखीच्या खिडक्यांची रांग. ती त्यांचीच कचेरी होती! त्यांच्याच खोलीची खिडकी थेट या तळ्यावर उघडत होती. उघडत होती म्हणजे, उघडली असती. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, बाहेरून कोणी कागद वाचेल या शंकेनं काकांनी त्या खिडकीला कपाट लावून टाकलं होतं. कपाटाची गंजकी पाठ काचेतून अजून दिसत होती.

इथे मात्र काका टॉवेलचं टोक उगीच सारखं करत राहिले. काकूंनी डाव खाली ठेवला.

"हे बघा," काका हळूच म्हणाले, "सायकल गेली तर मला परत तिथे कोण नेणार?"

"तो प्रश्न पडलात तरचा आहे," मेहुणा म्हणाला. "पुढे?"

पुढे काकांनी आरशात पाहिलं. ब्रीफकेसवाला होताच. पण त्याच्यामागे आता एक पोस्टमन होता. पोस्टमनच्या मागे कॅरिअरला मोठी कुंडी बांधलेली एक बाई. तिच्यामागे एक वाजंत्री, पाठीला भलंमोठं तुतारीसारखं पितळी वाद्य लावलेला. त्याच्यामागे पावाच्या टोपल्या घेतलेला बेकरीवाला, आणि त्याच्यामागे रांग इतकी लांब, की तिचं शेपूट अजून घड्याळांच्या गल्लीतून बाहेर यायचं होतं!

"सगळे कंत्राटदाराची माणसं?" काकूंनी विचारलं.

"मलाही तेच वाटलं! म्हणून मी वळून थेट ब्रीफकेसवाल्याच्या अंगावर गेलो. म्हटलं, बोला, कोणी पाठवलं तुम्हाला?"

ब्रीफकेसवाला हबकला. त्यानं हॅट काढली, चष्मा काढला, आणि आत निघाला एक घाबरलेला, गोल चेहऱ्याचा, सभ्य कारकून. "साहेब, माफ करा," तो म्हणाला. "माझी वजनमापांच्या कचेरीत नुकतीच बदली झालीय. रस्ते माहीत नाहीत. विचारायला संकोच वाटतो. पहिल्या दिवशी तुम्हाला पाहिलं, तुम्ही इतका ठाम हात दाखवून वळत होतात, की वाटलं, या माणसाला कुठे जायचंय ते नक्की ठाऊक आहे. मी तुमच्यामागे यायला लागलो."

"आणि पोचलात का कचेरीत?"

"एकदाही नाही. पण शहर काय सुंदर आहे हो!"

"पण मी तर तुम्हाला चुकवायला वाटेल तिकडे वळत होतो!"

"होय? मला वाटलं, तुम्ही मला दाखवताय."

ब्रीफकेसमध्ये त्याचा डबा होता. काकांनी तो उघडून घेऊन खात्री केली.

बाकीचे सगळे तसेच. पोस्टमन त्या हाताच्या भरवशावर आला होता, कुंडीवाली पोस्टमनच्या गणवेशाच्या, आणि त्यांच्यामागचे लोक आपल्या पुढच्याच्या पाठीच्या. अख्ख्या राजधानीत कुणालाच कुठे जायचंय ते ठाऊक नव्हतं, आणि एकट्या हरकतकाकांचा हात ताठ होता.

तेवढ्यात बागेचं मोठं फाटक करकरलं. पहारेकऱ्यानं ही मिरवणूक पाहिली, काकांचा हात पाहिला, आणि सरकारी शिष्टमंडळ समजून कडक सलाम ठोकला. आत त्या दिवशी तळ्यातल्या कारंज्याचं उद्घाटन होतं. मंत्री वाट बघत होते, खुर्च्या रिकाम्या होत्या, लोक जमत नव्हते. रांग आत शिरली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी काकांकडे संशयानं पाहिलं. काकांनी मंत्र्यांकडे त्याहून जास्त संशयानं पाहिलं. "दोघांनाही एकमेकांबद्दल तिथेच आदर निर्माण झाला," काका म्हणाले.

"आणि पाणी?" मेहुणा पुढे झुकला. जेवण गार होत होतं, पण त्याचे डोळे चमकायला लागले होते. "डोकं कसं भिजलं त्यावर या, भावोजी. विषय टाळू नका."

"येतोय. घाई कसली? तर, फीत कापायची वेळ झाली. मंत्र्यांनी कात्री उचलली. चांदीची, नक्षीची. आणि त्यांच्या हातातून ती निसटली. डुबुक! तळ्यात!"

"अगंबाई," काकू म्हणाल्या.

"सगळे बघत उभे. सचिव बूट बघतोय, पहारेकरी गणवेश बघतोय. कुणी हलेना. तेव्हा मी सायकल शांतपणे स्टँडवर लावली. कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली. आणि चालत पाण्यात उतरलो."

"बूट काढले?" मेहुण्यानं विचारलं.

"राष्ट्राची कात्री बुडत असताना नाड्या सोडत बसणारा मी नव्हे! बुटांसकट उतरलो. गुडघाभर पाणी. तळाशी गाळ. तशाच चालीनं मध्यापर्यंत गेलो."

मेहुण्यानं डोळे मिटले. हयातभर अशाच भानगडी उलगडत आलेला माणूस तो. त्यानं मनात तळं उभं केलं, काकांना त्यात उभं केलं, मग डोळे उघडून विचारलं, "गुडघाभर पाण्यात तळाची वस्तू काढायची तर माणसाला वाकावं लागणार."

"लागलंच."

"वाकलं की डोकं पाण्यात जाणार."

"गेलंच!" काका आनंदानं म्हणाले. इतकं मजबूत कारण त्यांना स्वतःला सुचलं नव्हतं.

"शेवाळ पृष्ठभागावर असतं. म्हणून ते कॉलरमध्ये आलं. बरोबर." मेहुण्यानं उसासा टाकला. "आणि सायकलचा आरसा फुटलाय तो?"

"फुटला नाही. मंत्र्यांनी आठवण म्हणून काचेचा तुकडा मागून घेतला."

मेहुण्यानं पुन्हा थोडा वेळ डोळे मिटले. मग ताटाकडे हात नेला. "ताई," तो जड आवाजात म्हणाला, "मी पुष्कळ खोटे दावे पाहिलेत. पण याच्यात मला फट सापडत नाही. सगळं जुळतंय. भावोजी पडलेले नाहीत. वाढ."

काका खुर्चीत मागे रेलले. डोक्यावरचा टॉवेल त्यांनी फेट्यासारखा नीट केला. उद्या सकाळी पुन्हा ती बाग, ते तळं, आणि मागे ती रांग. त्यांनी भाताकडे बघून संशयानं विचारलं, "आज काय विशेष?"

काकूंनी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही. वाढलंही नाही. त्या टेबलाला वळसा घालून आल्या, खाली वाकल्या, टेबलाखाली हात घालून त्यांनी नवऱ्याचं पाऊल धरलं आणि मोजा चिमटीत घेऊन ओढला. मग दाराशी गेल्या. तिथून एक बूट उचलून आणला. तो उलटा करून टेबलावर आपटला. त्यातून थोडी धूळ पडली.

"पाण्यात बुटांसकट चालत गेलात ना?" काकू म्हणाल्या. "बूट कोरडा. मोजा कोरडा. पँटची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पायांना सोडून डोक्यापासून भिजतो होय? पडलात तुम्ही! आरशात त्या रांगेकडे बघत बसलात आणि काठावरून, सायकलीवरून, डोक्यावर पडलात, पाय काठावर आणि डोकं तेवढं तळ्यात!"